निराधारचा पगार

आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात. ‘आप्पाला पगार सुरू झाला’, ‘नानीचा पगार दोन महिने आला नाही’. कागदावरचं नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना, निराधारांना सरकारकडून दर महिन्याला मिळणारे पैसे. माझा पगार सुरू व्हायला अठरा महिने लागले. त्यात कुठे काय अडलं ते घडलं तसं लिहितोय. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर निदान सहा महिने वाचले असते.

मी केळी कटाईच्या टोळीत होतो. तापीकाठच्या बागांमध्ये घड कापायचे, खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचे, गाडीत भरायचे. एकेक घड वीस-पंचवीस किलोचा. टोळीत बारावी झालेला मी एकटाच, म्हणून हजेरीची वहीही माझ्याकडे असायची. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला आणि पोळा झाल्यावर पावसाने धरलं. बागेत पोटरीभर चिखल. घड खांद्यावर असताना पाय ठिबकच्या नळीत अडकला आणि मी पाठीवर पडलो, घड अंगावर. कमरेचा पहिला मणका फुटला. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसले. त्याचा एक रुपयाही द्यावा लागला नाही, हेही सांगायला हवं.

पण ऑपरेशनने मणका बसला, नस बसली नाही. डावं पाऊल लोंबतं, पंजा वर उचलता येत नाही. उजव्या पायात निम्मा जोर. अर्ध्या तासाच्या वर बसलं की कमरेखाली आग होते. आणि लघवीवर ताबा नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला आज काही वाटत नाही, पण तेव्हा ते तोंडातून निघत नव्हतं. माझं सगळं प्रकरण त्या एका वाक्यापाशी अडलं होतं.

पहिले काही महिने घरात रोज एकच विषय: आता खायचं काय? माझा मामेभाऊ कारखान्यात आहे, त्याचा ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, हप्ता कापला जातो. उद्या मशीनवर त्याला काही झालं तर त्याला अपंगत्वाचं पेन्शन आहे. शेतमजुराला तसं काही नाही. कोणाच्याच रजिस्टरात माझं नाव नव्हतं. जी वही होती ती मीच लिहिलेली. मग कोणीतरी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचं सांगितलं. तिला घरात सातबारा लागतो. आमच्याकडे तो नाही. मुकादम जिभाऊंनी पंधरा दिवसांची मजुरी घरी आणून दिली, त्यांची ऐपत तेवढीच. राहिली ती संजय गांधी.

तहसीलच्या बाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका माणसाने बायकोला सांगितलं, दोन हजार द्या, महिन्यात पगार चालू करून देतो. तिने कानातलं मोडून दिले. तो नंतर त्या झाडाखाली दिसलाच नाही. त्या कानातल्याचं मला अजून वाईट वाटतं. ते तिच्या आईने दिलेलं होतं.

खरी माहिती मिळाली ती सेवा केंद्रात बसणाऱ्या पोराकडून. स्वतःच्या पायाला पोलिओ असल्याने त्याने हे सगळं भोगलेलं होतं. तो म्हणाला, “काका, तीन दारं आहेत. पहिलं दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचं, किमान ४०. दुसरं उत्पन्नाचं. बाकीच्यांना वर्षाला २१ हजारांची अट आहे, दिव्यांगाला ५० हजार. तिसरं रहिवासाचं, महाराष्ट्रात १५ वर्षं. तिन्ही उघडली तरच पगार. ‘काम होत नाही’ असं नुसतं सांगून एकही दार उघडत नाही.”

त्यानेच माझा यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा आणि ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज भरला. आधार, फोटो, सही, कोणत्या सरकारी दवाखान्यात तपासायचं ते निवडायचं. जानेवारी २०२४ मध्ये जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. पहाटेची एसटी, नऊला रांगेत, दुपारी दोनला नंबर. आत एका मिनिटात बाहेर. एमआरआय आणलेला नाही, आणि ऑपरेशनला सहा महिने झालेले नाहीत, अजून सुधारणा होऊ शकते, नंतर या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण हे अर्ज भरतानाच कळलं असतं तर एसटीत दोन-दोन तास वाकून बसण्याचा माझा तो दिवस वाचला असता.

मार्चच्या शेवटी पुन्हा गेलो. ऊन चढलं होतं, बाकावर ओळीने माणसं. माझ्याशेजारी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला एक पावरा मुलगा होता, वीस-बावीस वर्षांचा. हात-पाय सगळं नीट. रांगेतली एक बाई त्याला म्हणाली, तू कशाला रे आलास? त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. महिन्यातून एकदा तरी हाडं अशी दुखतात की झोपूनच राहावं लागतं, म्हणून रोजाला कोणी घेत नाही. जुन्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि सिकलसेल त्यात आला. हे मला त्या मुलानेच सांगितलं. त्याच्या पाड्यावरच्या आशाताईंनी त्याला समजावून पाठवलं होतं. तो बाईला शांतपणे म्हणाला, “माझं दिसत नाही, पण आहे.” मी ते ऐकलं. ऐकूनही त्यानंतर दहा मिनिटांनी आत जाऊन मी जे केलं ते केलं.

डॉक्टरांनी पाय वर उचलायला लावला, खाली दाबला, पंजा ओढायला लावला. प्रत्येक स्नायूला शून्य ते पाच असा आकडा देतात. मग म्हणाले, चालून दाखवा. आत दोन शिकाऊ डॉक्टर होते, एक मुलगी तर माझ्या पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. मी कुबडी भिंतीला लावली आणि दात दाबून भिंतीपासून टेबलापर्यंत चाललो. पंधरा वर्षं ज्याने घड वाहिले त्याला चार माणसांपुढे पडायचं नव्हतं. घरी मी कुबडीशिवाय तेवढा कधीच चाललो नव्हतो. डॉक्टरांनी विचारलं, “संडास-लघवीचा काही त्रास?” मी म्हणालो, “नाही साहेब, ठीक आहे.” बायको दाराबाहेर होती.

प्रमाणपत्र आलं: ३५ टक्के.

पाच टक्क्यांनी सगळं गेलं. ४० च्या खाली ना पगार, ना एसटीची सवलत. घरी आल्यावर बायकोने मला एकच विचारलं, आत काय सांगितलं? मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. सहा महिने माझे कपडे आणि गोधड्या धुणारी तीच. मग अहिराणीत म्हणाली, “डाक्टरले सांगानं नही तं कोनले सांगानं? तुमी नही सांगतस, मंग मी सांगस.” मला वाटलं होतं चिडेल. ती चिडली नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या रात्री मला जे कळलं ते असं. डॉक्टरपुढे मी काही खोटं वाढवून सांगायचं नव्हतं. पण मी खोटंच सांगून आलो होतो, फक्त उलट्या बाजूने. जो माणूस घरी खाटेवर पडून असतो तो मी दाखवलाच नाही, वर्षापूर्वीचा दाखवून आलो. टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे पाच मिनिटं मिळतात. त्यात ते जे बघतात आणि ऐकतात तेवढंच कागदावर येतं.

सेवा केंद्रातल्या पोराने सांगितलं की टक्के मान्य नसतील तर कायद्यातच अपिलाची सोय आहे. अर्ज टाकला. पण तोवर लोकसभेची निवडणूक लागली होती, अर्धे कर्मचारी त्या कामात, पत्र कुठे पोचलं तेच कळेना. जुलैमध्ये दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यातली तारीख आली. या वेळी सोबत एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, नसांच्या तपासणीचा कागद आणि लघवीच्या डॉक्टरचा कागद होता. तो शेवटचा कागद मिळवायला मला आधी त्या डॉक्टरपुढे तोंड उघडावं लागलं. पहिली खरी परीक्षा तीच.

मोठ्या दवाखान्यात बायको माझ्यासोबत आत आली. तिला बोलावं लागलं नाही. मीच सांगितलं: साहेब, लघवी कळत नाही, दिवसातून तीनदा कपडे बदलावे लागतात, गावात लग्नाला-दहाव्याला जाणं बंद केलंय. कुबडी घेऊनच चाललो, सहा पावलं टाकली, पाय थरथरायला लागला तसा खुर्चीवर बसलो. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी सगळे कागद वाचले आणि कोऱ्या पानावर गणित करून मला दाखवलं. पायांचे ३५, लघवीच्या त्रासाचे २५. मी म्हणालो, म्हणजे ६०? ते म्हणाले, नाही, सरळ बेरीज करत नाहीत. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भाग मिळवतात: ९० मधून ३५ वजा केले की ५५, त्याला २५ ने गुणायचं, ९० ने भागायचं. साधारण १५ आले. ३५ अधिक १५, ५० टक्के. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी कागदामागचं गणित कोणी मला बसवून समजावलं. ते पान मी घडी घालून अजून ठेवलंय.

पहिलं दार उघडलं. दुसऱ्याला मात्र मी कमी लेखलं होतं.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांकडे गेलो. त्यांनी विचारलं, घरात कमावणारं कोण? बायको, शेतमजुरी. रोज किती? २००. त्यांनी तिथल्या तिथे हिशोब केला: महिन्याला २५ दिवस, बारा महिने, ३०० दिवस, ६० हजार. म्हणजे दहा हजारांनी बाहेर. मी म्हणालो, साहेब, वर्षात ३०० दिवस मजुरी कोणाला मिळते? ते म्हणाले, मी काय लिहू मग? तुमच्याकडे काही पुरावा आहे?

पुरावा होता. तो पुरावा म्हणून ठेवलेला नव्हता, एवढंच. ऑपरेशननंतर मी खाटेवर पडून असायचो आणि समोर भिंतीवर कॅलेंडर. हजेरी लिहायची सवय हाताला होती. बायको कामाला गेली की मी त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने लिहायचो: ‘निं’ म्हणजे निंदणी, ‘वे’ म्हणजे कापूस वेचणी आणि पुढे किलो. संध्याकाळी ती आली की विचारायचो, आज किती? दुसरं काही कामच नव्हतं मला. ते २०२३ आणि २०२४ चं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि एका वहीत वर्षभराचा हिशोब मांडला. निंदणी-खुरपणीचे ९८ दिवस, २०० रुपयांनी १९,६००. वेचणीचे ४६ दिवस, सरासरी ४० किलो, किलोला १० रुपये, १८,४००. एकूण ३८ हजार. बाकीचे दोनशेवर दिवस कोरे. पाऊस नाही म्हणून कोरे, पाऊस जास्त म्हणून कोरे, वैशाखात शेतात कामच नाही म्हणून कोरे, आणि माझ्या दवाखान्याच्या फेऱ्या म्हणून कोरे.

तलाठ्यांनी कॅलेंडरची पानं उलटून बघितली. मग बायकांच्या टोळीची मुकादम आणि शेजारचे आप्पा यांचे जबाब घेतले, माझ्याकडून स्वयंघोषणापत्र लिहून घेतलं, अहवाल पाठवला. तहसीलमधून ३८ हजारांचा दाखला मिळाला. त्या माणसाला मी मनापासून धन्यवाद देतो. कॅलेंडर हा काही सरकारी कागद नाही, तो त्यांनी बाजूला ठेवला असता तरी चाललं असतं.

तिसऱ्या दाराचा फार त्रास झाला नाही. तरुणपणी सहा वर्षं मी सुरतला कापडाच्या मिलमध्ये होतो, आमच्या भागातली निम्मी पोरं जातात तसा. पण त्याला आता वीस वर्षं झाली. शाळेचा दाखला आणि रेशन कार्ड गावचंच, भागलं.

तहसीलमध्ये अर्ज दिला तेव्हा शेजारचे आप्पाही माझ्यासोबत आले होते. त्यांच्या धाकट्या भावाला पक्षाघात झालेला, आणि त्याला बोर्डापर्यंत नेणंही अवघड. तिथल्या एका कारकुनाने त्यांना सांगितलं की याच योजनेत दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांसाठी वेगळी जागा आहे: पक्षाघात, कर्करोग, क्षय, कुष्ठरोग, एड्स असे आजार. तिथे आजाराचा दाखला चालतो. फक्त मग उत्पन्नाची अट २१ हजारांची. हे बाहेरच्या फलकावर कुठेच नव्हतं. विचारलं म्हणून कळलं. आणि ज्यांना ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आहे आणि नाव दारिद्र्यरेषेखाली आहे त्यांना केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन, तेही तिथेच विचारायचं.

अर्ज ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात दिला. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, आणि आचारसंहितेत बैठक नाही. दिवाळी तशीच गेली. जानेवारीत गावच्या कोतवालाने दारातून हाक मारली, भाऊ, तुमचं नाव यादीत आलं. बायको चुलीपाशी होती, तिने हातातली भाकरी तव्यावरच सोडली.

पैसे मात्र आले नाहीत. फेब्रुवारी गेला. बँकेत विचारलं, खात्यावर काही नाही. तहसीलमध्ये विचारलं, इथून गेले. तेव्हा पैसे थेट आधारवर पाठवायला नुकतीच सुरुवात झाली होती. उलगडा केला तो गल्लीतल्या एका वहिनीने. लाडकी बहीणच्या पैशांच्या वेळी गल्लीतल्या सगळ्या बायका या फेऱ्यातून गेल्या होत्या. ती म्हणाली, भाऊ, अर्जात कोणतं खातं लिहिलं ते बघू नका, आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बघा. बघितलं. मोबाइलचं सिमकार्ड घेताना कधीतरी एक खातं उघडलं गेलं होतं, आधार तिथे. पैसे तिथे पडून होते. बँकेत फॉर्म भरून आधार गावच्या खात्याला जोडलं. मार्च २०२५ मध्ये पहिल्यांदा पासबुकात १,५०० छापून आले.

ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना १,५०० चे २,५०० झाले. महिन्याच्या नळ्या-पिशव्या आणि औषधं त्यातून निघतात, उरलेले किराण्याला. ग्रामपंचायतीच्या ५ टक्के दिव्यांग निधीतूनही एकदा थोडे पैसे मिळाले, पण त्यासाठी ग्रामसभेत उभं राहून मागावे लागले. एसटीत मला ७५ टक्के सवलत आहे. सोबतीची सवलत ६५ टक्क्यांच्या वर, ती माझ्या वाट्याला नाही, पण बाई म्हणून बायकोचं अर्धं तिकीट असतंच. आता आम्ही दोघं मिळून दवाखान्यात जातो ते पूर्वी एकट्याला लागायचे त्याहूनही कमी पैशांत जातो.

मागच्या महिन्यात जिभाऊ घरी आले. टोळीची हजेरी लिहिणारा पोरगा पुण्याला गेला, हिशोबात रोज भांडणं. म्हणाले, तू खाटेवर बसून वही लिही, संध्याकाळी पोरं तोंडी सांगतील, महिन्याला दोन हजार देतो. दोन वर्षांनी कोणीतरी मला काम विचारलं. अर्धा तास बसून, अर्धा तास पडून, हे काम मला जमेल. डोळ्यांत पाणी आलं.

ते गेल्यावर मी हिशोब मांडला. बायकोचे ३८ हजार, माझे २४ हजार, मिळून ६२ हजार. ५० च्या वर. उत्पन्नाचा दाखला पुन्हा मागतील तेव्हा खरं लिहिलं तर पगार बंद. वर्षाचे ३० हजार जातील आणि २४ हजार येतील. खोटं लिहिणं माझ्याने होणार नाही. कॅलेंडरवर तिचे कोरे दिवससुद्धा मी खरेच लिहिले होते. महिन्याला हजारच घेतले तर बरोबर ५० होतात, पण त्या वर्षी कापसाला भाव आला आणि वेचणी किलोला दोन रुपयांनी वाढली तर?

बायकोला विचारलं. ती म्हणाली, पैसे घेऊ नका, वही लिहा. मला ते पटत नाही. कामाचे पैसे घ्यायला हवेत. दिव्यांगासाठीच्या अटीत एवढी तरी जागा हवी की खाटेवरून दोन अक्षरं लिहिणाऱ्याचा आधार सुटू नये.

जिभाऊंना अजून उत्तर दिलेलं नाही. वही ते खाटेवर ठेवून गेलेत. पहिल्या चार पानांवर माझंच अक्षर आहे, पोळ्यापर्यंतचं.